‘बार्बरशॉप कोरस’ मराठीत कसा लिहावा?

प्रश्न असा : मावशी अमेरिकेत बायकांच्या बार्बरशॉप कोरसमध्ये गाते. तिच्यावर मराठीत लिहिताना ‘न्हाव्याच्या दुकानातलं स्त्रियांचं समूहगान’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘लोकल लेगसी’ला ‘स्थानिक वारसा’?

‘न्हाव्याच्या दुकानातलं’ नको. तिथे आता कुणी गात नाही, नाव तेवढं राहिलंय. आपल्याकडे तरी प्रत्येक भूपाळी भूप रागात कुठे असते? पण त्या नावामागचा इतिहास लेखात जरूर द्या. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुष न्हाव्याच्या दुकानात जमायचे आणि आवाजात आवाज मिसळून गायचे. या गाण्याची पाळंमुळं तिथली. म्हणून ‘बार्बरशॉप’ देवनागरीत तसंच ठेवा आणि एका वाक्यात उलगडून सांगा.

खरी अडचण ‘कोरस’ची आहे. मराठीत कोरस म्हणजे मुख्य गायकाच्या मागे उभं राहून ध्रुवपद उचलणारे, पोवाड्यातल्या झीलकऱ्यांसारखे. इथे मागे कुणीच नसतं. चार प्रकारचे आवाज एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात : लीड चाल गाते, टेनर तिच्या वर, बास तळाशी, आणि बॅरिटोन कधी चालीच्या वर तर कधी खाली जाऊन उरलेला स्वर भरते. (पुरुषी आवाजांची ही नावं बायकांनीही तशीच ठेवली आहेत, तेव्हा टेनर म्हणजे पुरुष असं समजू नका.) ‘समूहगान’ म्हटलं की शाळेत सगळ्यांनी एकच चाल म्हणणं डोळ्यांसमोर येतं. मी ‘वृंदगान’ लिहीन, आणि गाणाऱ्या बायकांच्या संचाला ‘गायनवृंद’.

तुम्ही विचारलेला नाही, पण लेखात हमखास लागेल असा एक शब्द : ‘रिंग’. साथीला वाद्य नसतं, सुरुवातीचा स्वर देण्यापुरती छोटी पिच-पाइप. सा, ग, प आणि कोमल नी असे चार स्वर 4:5:6:7 या प्रमाणात नेमके बसले, की कुणीही न गायलेला एक स्वर वर घुमू लागतो. तीच ‘रिंग’. यातला कोमल नी हार्मोनियमच्या पट्टीपेक्षा थोडा उतरलेला असतो, तो कानानेच शोधावा लागतो. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपण ‘स्वयंभू गंधार’ म्हणतो. म्हणून ‘रिंग’साठी ‘स्वयंभू स्वर’ लिहा. तंबोऱ्यासमोर बसलेला कुणीही ते एका क्षणात ओळखेल. इतका चपखल शब्द घरात असताना ‘घंटानाद’ वगैरे घडवण्याची गरज नाही.

आता ‘लेगसी’. ‘वारसा’ चुकीचा नाही. पण तो आपल्याला मिळालेला असतो. तुम्हाला सांगायचंय की या बायकांनी गावासाठी मागे काय ठेवलं. तिथे ‘ठेवा’ बरा, आणि त्याहून बरं म्हणजे क्रियापद वापरून सरळ सांगणं. उदाहरण अमेरिकेतल्या टल्सा शहराचं घ्या. 1945च्या जुलैमध्ये एडना मे अँडरसन यांनी तिथे काही जणींना जमवलं आणि ‘स्वीट ॲडलाइन्स’ ही बायकांच्या बार्बरशॉप गाण्याची संस्था सुरू झाली. पहिल्या शाखेचं नाव ‘ॲटमाटन’ : कल्पना अणूएवढी, उत्साह टनभर. या नावाचं भाषांतर करू नका, खुलासा करा.

या ठेव्यात एक डागही आहे, तो वगळू नका. ज्या गाण्याची मुळं कृष्णवर्णीयांची, त्या गाण्याच्या या संस्थेत पुढे कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रवेश नाकारला गेला. ते न पटलेल्या शाखांनी बाहेर पडून 1959मध्ये ‘हार्मनी इनकॉर्पोरेटेड’ स्थापन केली. ‘स्वीट ॲडलाइन्स’ने ती अट 1966मध्ये काढली. मावशींचा वृंद यांपैकी कोणत्या संस्थेचा, हे त्यांना विचारून लेखात घाला.

तुमचं पहिलं वाक्य मी असं लिहीन : ‘माझी मावशी बायकांच्या बार्बरशॉप गायनवृंदात बास गाते.’ बासच्या जागी त्या जे गात असतील ते.