वर्षश्राद्धाचे एक लाख मानसिक आरोग्याच्या कामाला द्यायचे असतील तर

अमळनेरच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं वर्षश्राद्ध आलंय. गावजेवणाऐवजी एक लाख रुपये मानसिक आजारांच्या कामाला द्यायचे आहेत. ते संशोधनाला द्यावेत की रुग्णांना, आपल्या भागात त्यांचा नेमका काय उपयोग होईल, आणि अमेरिकेतला भाऊ त्यात भर घालू शकेल का?

ताई, आधी मत सांगतो, मग कारणं. यातले बहुतेक पैसे चालू असलेले उपचार मधेच सुटू नयेत यासाठी द्या. एकरकमी नको, वर्षभर दरमहा द्या. खाटा, टीव्ही, पाण्याची टाकी, ब्लँकेटं यांना देणारे पुष्कळ आहेत. गोळ्या चालू ठेवायला देणारे फार थोडे.

खान्देशात प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. राज्यातली जुनी चार आहेत ती ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे. इथल्या माणसाला आधार जिल्हा रुग्णालयाचा, जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचा आणि शहरातल्या खासगी मानसोपचारतज्ज्ञांचा. सरकारी ओपीडीत केसपेपर निघतो आणि गोळ्या मोफत असतात. तरीही उपचार सुटतात. का सुटतात ते पाहिलं की देणगी कुठे लागते ते कळतं.

धडगावकडच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं म्हणजे पूर्ण दिवस जातो, आणि रुग्णासोबत घरचं कुणीतरी लागतंच. दोघांचा रोज बुडतो, गाडीभाडं वेगळं. आल्यावर चारपैकी एक गोळी संपलेली निघाली की ती बाहेरून घ्या म्हणतात, आणि नेमकी तीच घेतली जात नाही. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं, हातात गोळ्या असतात महिन्याभराच्या. सगळ्यांत मोठं कारण मात्र वेगळंच: माणसाला बरं वाटायला लागतं आणि घरचे म्हणतात, आता कशाला गोळ्या. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजारात, गोळी बंद केल्यावर त्रास बहुधा लगेच दुसऱ्या दिवशी उलटत नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उलटतो. त्यामुळे त्याचा गोळी बंद करण्याशी संबंध कुणी लावत नाही. बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात, आणि त्यात घरातली बकरी, दागिना जातो.

म्हणून समाजसेवकाचा पगार हा माझ्या मते देणगीचा सर्वांत चांगला वापर आहे. तारीख चुकली की दोन-तीन दिवसांत फोन करणारा, स्थलांतराआधी डॉक्टरांशी बोलून जास्त दिवसांच्या गोळ्या लिहून घेणारा, बायकोला आणि आईला आजार समजावणारा माणूस संस्थेकडे हवा. देणगीदार विचारतात, ‘पगारावर किती जातं?’ आणि आकडा मोठा दिसला की हात आखडतात. या कामात पगार हाच उपचाराचा अर्धा भाग आहे. समुपदेशन यंत्र करत नाही, माणूस करतो.

आता हिशेब. खालचे आकडे मी गृहीत धरले आहेत, तुम्ही संस्थेकडून खरे घ्या. एका रुग्णाला दरमहा जेनेरिक औषधांचे ३०० रुपये, दोघांच्या येण्या-जाण्याचे ३५०, तपासण्यांसाठी बाजूला १५०, मिळून ८००. समाजसेवकाचा पगार यात धरलेला नाही. दहा रुग्णांचे वर्षाचे ९६,००० होतात. म्हणजे तुमच्या एक लाखात दहा घरांतले उपचार वर्षभर अखंड राहू शकतात.

तपासण्यांचे १५० पाहून कुणी म्हणेल, हे कशाला? हीच रक्कम सगळे पहिली कापतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बायपोलर आजारात, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी टोकाची उदासी येते त्यात, लिथियम हे जुनं, स्वस्त आणि फार गुणाचं औषध आहे. पण ते रक्तात ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर एवढ्याच पट्ट्यात चांगलं चालतं. १.५ च्या पुढे विषारी ठरू लागतं. नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचा असतो, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी त्यानंतर. हे न सांगितल्यामुळे कित्येक रिपोर्ट चुकीचे येतात. त्यात आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास असतो. शेतात घाम गाळून पाणी आणि मीठ कमी पडलं की लिथियम शरीरात साचतं. कंबर दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली तर आणखी साचतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं ही लक्षणं दिसली की पुढची गोळी न देता तातडीने डॉक्टर गाठायचा. म्हणून देणगीतून एक तपासणी मार्च-एप्रिलमध्ये व्हायलाच हवी असं संस्थेला लिहून द्या. सोबत मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणीही. इतर औषधांनी गुण न आलेल्या स्किझोफ्रेनियात देतात त्या क्लोझापिनचं तसंच: पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. ते पैसे नसतात, म्हणून जिथे हेच औषध चाललं असतं तिथे ते सुरूच होत नाही.

थोड्या पैशांत मोठं काम होतं ते दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वात धरलेला आहे. आयडियाज नावाच्या मोजपट्टीत स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद-समज आणि काम या चार बाबींना ० ते ४ गुण देतात, त्यात आजाराच्या मुदतीचे गुण मिळवतात. एकूण ७ किंवा जास्त झाले की दिव्यांगत्व किमान ४० टक्के धरतात. मग यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि उत्पन्नाच्या अटीत बसल्यास संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. अर्ज अडतो तो जुने केसपेपर नसल्यामुळे, कारण आजाराची मुदत त्यांवरूनच दाखवता येते. शिवाय घरचे लोक तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर लाजेखातर ‘तसा चांगला आहे तो’ म्हणून मोकळे होतात. फायली जपणं, फेऱ्या मारणं, घरच्यांना तयार करणं याला येणारा खर्च एकदाच होतो, अनुदान दरमहा येतं.

भुसावळ जंक्शनवर भरकटत आलेले रुग्ण दिसतात, त्यांच्यासाठीही पैसे लागतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत पोचवणं पोलिसांचं काम आहे. पुढचं काम देणग्यांवर चालतं: घर शोधणं, सोबत माणूस देऊन पोचवणं, काही महिन्यांची औषधं देणं. कर्जतचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र हेच करतं. त्याचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

संशोधनाचं म्हणाल, तर अमळनेरकरांना हे दान नवीन नाही. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं ते शुद्ध अभ्यासासाठीच. मानसिक आरोग्यात देणगीचा पैसा दोन प्रकारे लागतो. एक मोठ्या प्रयोगशाळांना: रोहिणी निलेकणी यांच्या संस्थेने २०२३ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स (मानसिक आरोग्य) आणि एनसीबीएस (जीवशास्त्र) या राष्ट्रीय संस्थांना मिळून १०० कोटी दिले, स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी (मंत्रचळ), स्मृतिभ्रंश आणि व्यसन यांच्या दीर्घ अभ्यासासाठी. दुसरा गावपातळीवरच्या प्रयोगांना, आणि मला हा जास्त जवळचा. टाटा ट्रस्टच्या पैशांवर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्के होते, ते १८ महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. कापूस पिकवणाऱ्या, कर्जाने दबलेल्या गावांतला हा पुरावा आहे. चोपडा-यावलला तो लागू पडायला फार अडचण नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ हा गावातल्याच स्वयंसेवकांमार्फतचा प्रयोगही बाहेरच्या अनुदानावरच झाला आणि पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात पसरला. असे प्रयोग औषध कंपन्या करत नाहीत, कारण विकायला काही नसतं. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे आपल्या राज्याचे आकडे त्यात नाहीत, हेही लक्षात घ्या.

संशोधनाला द्यायचेच तर दहा हजार द्या, पण दोन गोष्टी विचारा: नैतिक समितीची परवानगी आहे का, आणि उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक आहे का. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. मग रुग्णांसाठी ९०,००० उरतात. वरच्या हिशेबाने नऊ जणांचे ८६,४०० होतात, उरलेले दाखल्यांच्या फेऱ्यांना ठेवा.

संस्था निवडताना न्यासाचा नोंदणी क्रमांक घ्या. सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात तिचे लेखापरीक्षित हिशेब भरलेले आहेत का ते पाहा. रुग्णांना ठेवून घेत असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी हवीच. साखळी दिसली तर देणगीचा विषय तिथेच संपवा. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवायला कायद्याने बंदी आहे. जिल्हा रुग्णालयाला द्यायचे असतील तर रुग्ण कल्याण समितीच्या नावाने, पावती घेऊन.

देणगीसोबत एक पत्र द्या: रक्कम कशासाठी, किती महिने, हिशेब कधी मिळावा. ‘कायम निधी’ असं लिहू नका. मग मुद्दल गुंतवावं लागतं आणि वापरायला फक्त व्याज मिळतं. एक लाखावर सात टक्क्यांनी वर्षाला ७,०००, म्हणजे आपल्या हिशेबाने एकच रुग्ण, तोही पावणेनऊ महिनेच. गुप्तदान करायचं असेल तर फलकावर नाव नको म्हणा, पण संस्थेच्या नोंदीत नाव-पत्ता-पॅन द्या. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपुढे गेल्या की संस्थेला त्यावर ३० टक्के कर बसतो. ज्याला आपण ८०जी म्हणतो ती देणगीवरची आयकर सवलत जुन्या कररचनेतच मिळते, २,००० रुपयांवरच्या रोख रकमेला मिळत नाही, आणि ज्वारी-गहू-कपड्यांना तर नाहीच. घरात उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कृपा करून कुणी देऊ नका.

कार्यक्रमात रुग्णासोबत फोटो काढून ग्रुपवर टाकायची पद्धत पडलीय, ती टाळा. उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला २०१७ च्या कायद्याचीही मनाई आहे. मुलीचं लग्न अडेल या भीतीने ओपीडीत न येणारी घरं खान्देशात कमी नाहीत. तुमच्या एका फोटोने ती आणखी दूर जातात.

भावाचं. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. संस्थेला पासपोर्टची प्रत द्यावी. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगीच. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या संस्थेच्या एफसीआरए खात्यातच जायला हवेत. ‘बहिणीच्या खात्यावर पाठवा, ती देईल’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, अडचणीत संस्था येते. एफसीआरए नोंदणी असलेली संस्था त्याने स्वतंत्र निवडावी, आणि तुमचे एक लाख तुम्ही इथल्या इथे द्यावेत.