रेघा दिसतात, स्कॅनर गप्प : बारकोडविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी बारकोडवर पाच पत्रं आली आहेत आणि पाचही जणांचं म्हणणं जवळपास एकच आहे : ‘रेघा तर नीट दिसतायत!’ मी बावीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना लेबलं लावली. त्यातली पहिली काही वर्षं ती वर्डमध्येच, बारकोडचा फॉन्ट टाकून छापत होते. आपण बारकोड छापतोय हे वर्डला ठाऊकच नसतं, ही गोष्ट त्या काळात मनात पक्की बसली. त्याच्या लेखी तो मजकूर आहे, आणि मजकूर दिसला की तो सुधारायला घेतो. खालच्या बऱ्याचशा तक्रारी या सुधारण्यातूनच आल्या आहेत.

शाळेच्या ग्रंथालयासाठी मी कोड ३९ या बारकोड-पद्धतीचा फॉन्ट वापरते. दाखल क्रमांकाच्या आधी आणि नंतर तारका टाकायची असते, ती टाकते. जुन्या फाइलमधून कॉपी केलेली लेबलं वाचली जातात, पण नव्याने टाइप केलेलं एकही लेबल वाचलं जात नाही. दुसरा स्कॅनर मागून आणला, तरी तेच. — एक शिक्षिका

बाई, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. कॉपी केलेलं चालतं आणि टाइप केलेलं चालत नाही, म्हणजे स्कॅनर, कागद, शाई हे तिघेही निर्दोष. बिघडतंय ते टाइप करताना. न चालणारं एक लेबल निवडा आणि त्याचा फॉन्ट बदलून रोजचा साधा फॉन्ट द्या. रेघा जाऊन खालचे अंक दिसतील. माझा अंदाज असा की दोन्हीकडच्या तारका तिथे नसतील आणि अंक ठळक झालेले असतील.

वर्डमध्ये एक सोय आहे. दोन तारकांच्या मध्ये काही लिहिलं की लिहिणाऱ्याला ते ठळक हवंय असं धरून वर्ड तारका काढून टाकतो आणि मजकूर ठळक करतो. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं जा. तिथल्या ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या पानावर ठळक आणि तिरप्या अक्षरांची चौकट असेल, तिच्यातली खूण काढा. लिबरऑफिस रायटर वापरत असाल तर अशीच चौकट टूल्सखाली ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये सापडेल. एखाद्या वेळेपुरतं हवं असेल तर तारका गेल्याक्षणी कंट्रोल-झेड दाबा, त्या परत येतात.

तारका गेली हे तुमच्या लक्षात आलं नाही यात तुमची काही चूक नाही. बारकोडच्या फॉन्टमध्ये तारकाही रेघांचीच असते. डोळ्यांना रेघांचा एक पुंजका कमी दिसतो, एवढंच. स्कॅनरचं मात्र तिच्यावाचून अडतं, कारण कोड ३९ मध्ये तारका ही ‘इथून वाच’ आणि ‘इथे थांब’ अशी खूण आहे. १९७४ मध्ये इंटरमेक कंपनीत डेव्हिड ॲलेस आणि रे स्टीव्हन्स यांनी ही पद्धत बसवली. एका अक्षराला नऊ पट्ट्या, पाच काळ्या आणि चार पांढऱ्या, त्यातल्या तीन रुंद. नवातल्या तीन, म्हणून ३९. सुरुवातीची खूण मिळाली नाही तर पुढच्या रेघा कितीही स्वच्छ असोत, स्कॅनर त्यांना हात लावत नाही.

अक्षरं ठळक होणं हा दुसरा घाव. फॉन्टला स्वतःचा ठळक अवतार नसेल तर वर्ड प्रत्येक काळी रेघ थोडी फुगवतो आणि मधल्या पांढऱ्या फटी तेवढ्याच आवळतात. रुंद आणि अरुंद यांतला फरक हाच तर या कोडचा जीव आहे. म्हणून बारकोडला ठळक, तिरपं, अधोरेखित यातलं काहीही लावू नका.

कोड ३९ फार लांब होतो म्हणून कोड १२८ चा फॉन्ट घेतला. क्रमांक टाइप केला, रेघा आल्या, पण स्कॅनर वाचत नाही. तारका टाकूनही पाहिल्या. — औषधांच्या साठ्याची नोंद ठेवणारा एक वाचक

कोड १२८ मध्ये नुसता क्रमांक टाइप करून भागत नाही. कोड ३९ मध्ये पडताळा अंक, म्हणजे क्रमांक बरोबर वाचला की नाही हे तपासण्यासाठी जोडलेला अंक, ऐच्छिक असतो, म्हणून तो फॉन्ट आणि दोन तारकांवर निभावतो. कोड १२८ मध्ये आरंभाचं चिन्ह, मजकूर, पडताळ्याचं चिन्ह आणि शेवटचं चिन्ह ही चारही हवीतच. फॉन्ट म्हणजे चित्रांचा संच. त्याला बेरीज येत नाही. पडताळा तुम्हाला किंवा एखाद्या सूत्राला काढावा लागतो.

२४०७१३ हा क्रमांक घेऊन करून दाखवते. कोड १२८ चे तीन संच आहेत. त्यातला ‘सी’ संच दोन-दोन अंकांची जोडी एका चिन्हात बसवतो, म्हणून तो सर्वांत आखूड होतो. जोड्या झाल्या २४, ०७, १३. सी संचाच्या आरंभचिन्हाची किंमत, म्हणजे त्याला नेमून दिलेला आकडा, १०५. तिच्यात पहिली जोडी एकदा, दुसरी दुप्पट, तिसरी तिप्पट करून मिळवायची : १०५ + २४ + १४ + ३९ = १८२. याला १०३ ने भागून उरते ती बाकी, म्हणजे ७९. हा झाला पडताळा. जोड्यांची अदलाबदल होऊन क्रमांक ०७२४१३ झाला तर बेरीज १९९ आणि बाकी ९६ येते, म्हणजे चूक लगेच पकडली जाते. औषधांच्या साठ्यासाठी तुम्ही कोड १२८ निवडलात ते मला यासाठीच योग्य वाटतं.

आता जिथे बहुतेकांची फसगत होते ती जागा. ही किंमत फॉन्टमध्ये कुठल्या अक्षरावर ठेवली आहे? पुष्कळ फॉन्ट किमतीत ३२ मिळवतात आणि त्या क्रमांकाचं संगणकी अक्षर वापरतात. त्या हिशेबाने २४ च्या जागी इंग्रजी आठाचा आकडा येतो, ०७ च्या जागी एकेरी अवतरणचिन्ह, १३ च्या जागी हायफन आणि ७९ च्या जागी लहान लिपीतलं ‘ओ’. अवतरणचिन्ह टाइप केलं की वर्ड त्याला वळणदार करतो. ते वेगळंच अक्षर आहे, तुमच्या फॉन्टमध्ये त्याच्या रेघा नाहीत किंवा भलत्याच आहेत. हायफनपाशी वर्ड ओळ तोडतो आणि बारकोडचे दोन तुकडे होतात. ०२ ची जोडी दुहेरी अवतरणचिन्ह होते. ०० ची तर कोरी जागाच होते, म्हणून काही फॉन्ट तिला दुसरीकडे हलवतात.

आमच्या ग्रंथालयात हे मी भोगलं आहे. सांकेतिक अक्षरं एका संगणकावर तयार व्हायची आणि दुसऱ्यावर आम्ही ती बघून टाइप करायचो. आरंभाचं आणि शेवटचं चिन्ह जुन्या लेबलावरून उचलायचो. बहुतेक लेबलं उत्तम चालायची, मधूनच एखादं मुकं निघायचं. आम्ही शाई बदलली, कागद बदलला. शेवटी एका संध्याकाळी मी मुकी लेबलं टेबलावर मांडली आणि त्यांचे क्रमांक एकाखाली एक लिहून काढले. प्रत्येकात ०२ किंवा ०७ ची जोडी होती. पुढे कधीही काही लेबलं चालून काही अडली, की मी आधी त्यांचे क्रमांकच लिहून काढायचे.

तेव्हा सरळ अवतरणचिन्हं वळणदार करणारी चौकट आणि वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणारी चौकट, दोन्हींतल्या खुणा काढा. सूत्र आणि फॉन्ट एकाच ठिकाणचे वापरा, कारण ९५ च्या पुढच्या किमती वेगवेगळे फॉन्ट वेगवेगळ्या जागी ठेवतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. कोड ३९ मध्ये दोन अक्षरांच्या मध्ये फट असतेच, त्यामुळे तो थोडं सहन करतो. कोड १२८ ची अक्षरं एकमेकांना चिकटूनच मोजली जातात.

याहून सोपी वाटही आहे. वर्ड २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्तीत ‘डिस्प्लेबारकोड’ नावाचं फील्ड आहे, आणि मेल मर्जसाठी, म्हणजे यादीतला एकेक क्रमांक एकाच नमुन्यात आपोआप भरण्यासाठी, ‘मर्जबारकोड’. कंट्रोल-एफ९ दाबून महिरपी कंस आणा, आत फील्डचं नाव, क्रमांक आणि कोडचा प्रकार लिहा, मग एफ९ दाबा. पडताळा वर्डच काढतो, फॉन्ट लागतच नाही. तुमच्याकडे ही आवृत्ती असेल तर फॉन्टमागे लागू नका असंच मी सांगेन. मेल मर्ज करताना मात्र एक्सेलमधला क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळून ००४७ चे ४७ होतात.

माझ्या संगणकावर बारकोड दिसतो. तीच फाइल कार्यालयात उघडली की तारकांमध्ये नुसते अंक दिसतात. — एक कारकून

त्या संगणकावर फॉन्ट नाही. तिथे फॉन्ट बसवा, किंवा फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये जाऊन फॉन्ट फाइलीतच जोडून ठेवण्याची चौकट निवडा. काही फॉन्टांना बनवणाऱ्यानेच जोडण्याची परवानगी दिलेली नसते, तिथे या चौकटीचा उपयोग होत नाही. फक्त छापायचंच असेल तर घरून पीडीएफ करून न्या. ती छापताना ‘फिट’ नको, ‘ॲक्चुअल साइझ’ निवडा. का ते पुढच्या उत्तरात येतंय.

लेबलच्या छोट्या प्रिंटरवर छापतो. एकाच फाइलमधली निम्मी लेबलं पटकन वाचली जातात, उरलेली पाच-पाचदा फिरवावी लागतात. क्रमांक तपासले, सगळे बरोबर आहेत. — गोदाम सांभाळणारा एक वाचक

क्रमांक आधीच तपासलेत, फार बरं केलंत. म्हणजे आता मापाकडे बघायचं. लेबलचे बरेच प्रिंटर २०३ डीपीआयचे असतात, म्हणजे एका मिलिमीटरात ८ ठिपके, एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. समजा तुमच्या सर्वांत अरुंद रेघेची रुंदी ०.३३ मिलिमीटर आहे. तिला २.६४ ठिपके लागतील. प्रिंटर अर्धा ठिपका छापू शकत नाही, मग कुठे दोन छापतो, कुठे तीन. एकाच रुंदीच्या रेघा वेगवेगळ्या होतात, आणि कुठल्या लेबलावर किती बिघडेल हे त्यातल्या अंकांवर आणि कागदावरच्या जागेवर ठरतं. निम्मी-निम्मी वाटणी होते ती यातून.

अरुंद रेघ पूर्ण ठिपक्यांत बसेल असा फॉन्टचा आकार शोधा : ०.२५ मिलिमीटर, म्हणजे दोन ठिपके, किंवा ०.३७५, म्हणजे तीन. आकार एकेका पॉइंटने बदलत सात-आठ नमुने छापा, प्रत्येकाशेजारी पॉइंटचा आकडा लिहा आणि भिंगातून बघा. रेघांच्या कडा सरळ आणि सारख्या दिसतील तो आकार तुमचा. पीडीएफ ९७ टक्क्यांवर छापली गेली तर ही सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ती ‘ॲक्चुअल साइझ’ची ताकीद. ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण तिथे ०.३३ मिलिमीटरच्या रेघेला जवळपास आठ ठिपके मिळतात, एखाद्या ठिपक्याने फार बिघडत नाही. इंकजेटवर मात्र शाई शोषणारा कागद घेऊ नका, काळी रेघ पसरते.

शिवाय बारकोडच्या दोन्ही बाजूंना अरुंद रेघेच्या दहापट कोरी जागा सोडा. कोष्टकात लेबलं मांडली असतील तर चौकटीच्या उभ्या रेघा काढून टाका. बारकोडला खेटून असलेली उभी रेघ स्कॅनर बारकोडचीच रेघ समजतो. ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ वर असेल तर रेघांचे वरचे शेंडे कापले जातात, ते ‘सिंगल’ करा.

दोन अडचणी आहेत. मराठी आकडे टाइप केले की बारकोड होतच नाही. इंग्रजीत केला तर होतो, पण लेबलावर ‘के’ आणि ‘एल’ ही इंग्रजी अक्षरं असताना स्कॅन केल्यावर ‘खथ’ असं उमटतं. — वाचनालय चालवणारी एक वाचक

कोड ३९ मध्ये ४३ चिन्हं आहेत : इंग्रजी दहा आकडे, सव्वीस मोठी अक्षरं आणि कोऱ्या जागेसकट सात खुणा. देवनागरी आकडे त्यात नाहीत. ते टाइप केले की वर्ड गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून आणतो आणि तुम्हाला रेघांऐवजी आकडेच दिसतात. बारकोडखाली माणसांनी वाचायचा क्रमांक मात्र मराठी आकड्यांत खुशाल छापा, मी तो तसाच छापत असे. त्या ओळीला साधा फॉन्ट द्या म्हणजे झालं.

‘खथ’ पाहून मला आनंद झाला, कारण तुमचा बारकोड अगदी बरोबर वाचला जातोय. यूएसबीचा स्कॅनर बहुधा स्वतःला कीबोर्ड म्हणवतो. तो संगणकाला अक्षर पाठवत नाही, कुठली कळ दाबली ते कळवतो. मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना शिफ्टसह ‘के’ची कळ म्हणजे ख आणि ‘एल’ची म्हणजे थ. स्कॅन करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा. खात्री करायची तर नोटपॅड उघडून त्यात स्कॅन करा. तिथे बरोबर उमटलं की तुमचं लेबल ठीक आहे.