पथकात नवीन आलास? आधी ताशा ऐक

पहिल्याच आठवड्यात ढोल कमरेला बांधायची घाई करू नकोस. नदीपात्रातल्या सरावात आम्हीही आधी नुसते मांडीवर ठोके मोजले. ढोल बडवायचा नसतो रे. उजव्या हातातलं टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, मनगटातून सोडायचं, डाव्या हाताची थापी मोकळी ठेवायची. खांद्यातून मारलंस तर अर्ध्या तासात हात भरून येतो.

कान मात्र सतत ताशाकडे. ‘हात’, म्हणजे ठोक्यांचा प्रकार, बदलायचा इशारा तिथूनच येतो. चाळीस ढोल एकदम वाजत असताना शेजारच्याचं बघून वाजवणारा नेहमी अर्धा ठोका मागे पडतो. पहिल्या मिरवणुकीत मी तेच केलं. सगळे थांबले आणि माझा एकटाच ठोका लक्ष्मी रस्त्यावर घुमला! ताशावरचा दादा काही बोलला नाही, नुसता हसला. ते जास्त लागलं.

पोटाला ओढणी घट्ट गुंडाळ, नाहीतर दोरीचे वळ उठतात. बोटांना चिकटपट्टी, कानात कापूस. ढोलावर ताणलेलं चामड्याचं पान पावसात सैल पडतं, आवाज बसतो; दोरी ताणायला शिकून घे, दरवेळी कुणाला तरी हाक मारू नकोस. आणि रिकाम्या पोटी सरावाला येऊ नकोस बाबा.