२०१९ मध्ये पाकिस्तानातून आलेल्या हिंदू कुटुंबाला सप्टेंबर २०२५ च्या आदेशामुळे सीएएखाली (नागरिकत्व सुधारणा कायद्याखाली) नागरिकत्व मिळेल का?

नाही. सीएएची प्रवेशाची मुदत ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे, ती वाढलेली नाही. गोंधळ ३१ डिसेंबर २०२४ या तारखेने झाला. १ सप्टेंबर २०२५ ला नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला आणि त्याखालच्या सूट-आदेशात ही तारीख आली. धार्मिक छळामुळे तोवर आलेल्या अल्पसंख्याकांना वैध कागदपत्रं नसली किंवा त्यांची मुदत संपली असली, तरी त्या कारणावरून कारवाई होत नाही. म्हणजे हे निव्वळ संरक्षण; पासपोर्ट, मतदान वगैरे दूरच.

नागरिकत्वाचा रस्ता १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातूनच जातो. अर्जदार स्वतः किंवा त्याचे आई-वडील यांपैकी एक जण अविभाजित भारतात जन्मलेला असेल (सिंध त्यात येतं), तर कलम ५(१)(क), म्हणजे इंग्रजीतलं 5(1)(a), याखाली नोंदणी करता येते. उल्हासनगरच्या बऱ्याच सिंधी घरांत हेच कलम उपयोगी पडेल. त्यासाठी अर्जाच्या लगेच आधीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या आठ वर्षांत एकूण सहा वर्षं भारतात वास्तव्य लागतं. तसा जन्म नसेल तर कलम ६, तिथे हाच हिशेब बारा वर्षांवर जातो.

अडतं ते बहुधा दोन ठिकाणी: वडिलांच्या जन्मस्थळाचा कागद सापडत नाही, किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसाचं नूतनीकरण राहून जातं. व्हिसाची मुदत संपण्याआधीच एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) पोर्टलवर अर्ज टाका. मात्र कुटुंब वैध व्हिसाशिवाय आलं असेल, तर ही दोन्ही कलमं सरळ लागू होत नाहीत. आधी वकिलाला कागद दाखवा.