डोळ्यांपुढची नागमोडी रेघ आणि आंधळेपणाची भीती

"मॅडम, मी आंधळी होणार का?" हा प्रश्न माझ्यासमोर बसून पुन्हा पुन्हा विचारला जातो. डोळ्यांपुढे झगमगत्या रेघा येतात, अर्ध्या तासात सगळं पूर्ववत होतं, तपासणीत काही सापडत नाही, आणि भीती मात्र जात नाही. म्हणून ओळख पुसून ही एक हकीकत.

त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय ४१. "फळ्यावर 'पाऊस' लिहिलं आणि मधला 'ऊ' दिसेचना. मग तिथूनच चमकती रेघ निघाली, मोठी होत कडेला सरकली. मुलांना पाढे म्हणायला लावून मी खुर्ची धरून बसले."

नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून पडदा आणि डोळ्यांचा दाब तपासला होता. डोळे 'नॉर्मल' निघाले होते. न्यूरॉलॉजिस्टनी 'मायग्रेनचा ऑरा', म्हणजे अर्धशिशीत थोडा वेळ दिसणाऱ्या झगमगत्या रेघा, असं निदान केलं होतं. हे झाल्याशिवाय अशा बाबतीत मी पुढे जातच नाही.

"मग आता भीती कसली?"

"डोळे चांगले, तर अक्षर गेलं कुठे?"

मी कागद-पेन्सिल पुढे केली. जे तोंडून निघत नाही ते हातातून निघतं, यावर माझा विश्वास आहे. त्यांनी मधोमध कोरी जागा सोडली आणि भोवती किल्ल्याच्या तटबंदीसारखी दातेरी कड काढली. मी सांगितलं, "ह्यूबर्ट एअरी नावाच्या इंग्रज डॉक्टरने स्वतःला दिसलेली अशीच कड १८७० साली काढून प्रसिद्ध केली होती."

पेन्सिल थांबली. "म्हणजे हे आणखी कुणाला दिसलंय?"

त्यांना इतके दिवस हवं होतं ते हेच. 'नॉर्मल' हा शब्द त्यांना एकटं पाडत होता. त्यांनी पाहिलेलं खरं आहे, हे कुणी मानलंच नव्हतं. मग मी समजावलं: मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागावरून एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकते, म्हणून रेघही सरकते. पुढच्या वेळी घड्याळ बघा, एकेक डोळा झाका. कुठलाही डोळा झाकला तरी रेघ दिसली, तर ती डोळ्यातली नाही, मेंदूतली.

पुढचा झटका नवरात्रात, उपाशीपोटी आला. "२२ मिनिटं. डावा झाकला तरी दिसत होती, उजवा झाकला तरी!" त्या विजयी मुद्रेने सांगत होत्या. मलाही मनापासून आनंद झाला.

त्याच दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "बाबांचंही आधी कडेचंच दिसेनासं झालं होतं." वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली होती. भीतीचं मूळ तिथे होतं, आणि ती भीती अगदीच निराधार नव्हती. काचबिंदू घराण्यात असेल तर दुखत-खुपत नसलं तरी डोळ्यांचा दाब आणि नस नियमित तपासायलाच हवी.

असा अनुभव पहिल्यांदाच आला असेल तर डॉक्टरांना दाखवा, पन्नाशीनंतर तर नक्कीच. गाडीवर असाल तर बाजूला थांबा. मात्र एकाच डोळ्याची नजर अचानक गेली, पडदा ओढल्यासारखं झालं, काळे ठिपके आणि लखलखाट एकदम वाढले, किंवा डोळा लाल होऊन दुखतोय, दिव्याभोवती कडी दिसताहेत, उलट्या होताहेत, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. बोलणं अडखळू लागलं, हातपाय लुळे पडले, तर थेट मोठं रुग्णालय गाठा. रेघा तासाभराहून जास्त टिकल्या तरी थांबू नका. आणि ऑरा असणाऱ्या बायकांनी गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. काही गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

शेवटच्या भेटीला बाई धाकट्या भावाला घेऊन आल्या होत्या. वय ३८, डोळ्यांचा दाब कधीच तपासलेला नाही. इथून दोघं नेत्रतज्ज्ञांकडेच निघाली होती.