एक्ससोअर या ग्लायडरच्या दिशादर्शक ॲपमध्ये टास्कचे (ठरवलेल्या उड्डाणमार्गाचे) टर्नपॉइंट (वळायची ठिकाणं) कसे सेट करावेत? पॉइंटवरून वळलो तरी पुढचा पॉइंट का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की सिम्युलेटर मोडमध्ये कोल्हापूर-सांगली-निपाणी-कोल्हापूर असा त्रिकोण टाकला, सांगलीला अगदी लगटून वळलात, तरी ॲप निपाणी दाखवायला तयार नाही. ॲप बिघडलेलं नाही. सांगलीचा पॉइंट बहुतेक 'एफएआय क्वाड्रंट' (एफएआय म्हणजे हवाई क्रीडांची जागतिक संघटना) प्रकारचा आहे आणि तुम्ही तो सिलिंडर समजून वळलात.

सिलिंडर म्हणजे पॉइंटभोवतीचं वर्तुळ. कुठूनही आत शिरलं की झालं. क्वाड्रंट म्हणजे ९० अंशांची पाचर, आणि ती त्रिकोणाच्या बाहेरच्या अंगाला उघडते. येण्याची आणि जाण्याची रेघ यांच्यातला कोन दुभागा, त्याच्या बरोब्बर उलट दिशेला तिचं तोंड. कोल्हापूरहून येऊन निपाणीकडे जाणार असाल तर सांगलीची पाचर ईशान्येला, साधारण उत्तरेपासून पूर्वेपर्यंत. म्हणजे सांगली ओलांडून पुढे जायलाच लागतं, अलीकडनं कोपरा मारून भागत नाही. गंमत म्हणजे, निपाणी काढून तिथं पन्हाळा टाका. सांगलीला हात न लावता तिची पाचर जवळजवळ पूर्वेकडे फिरते. त्यामुळे एक पॉइंट बदलला की शेजारचे दोन्ही नकाशावर बघून घ्यायचे.

बदलायचं कुठं? टास्क मॅनेजर उघडा, यादीतला पॉइंट निवडा, तिथं प्रकार आणि त्रिज्या दोन्ही बदलता येतात. दर वेळी तेच करायचा कंटाळा येत असेल तर कॉन्फिगरेशनमधल्या टास्क डिफॉल्ट्समध्ये स्टार्ट, टर्नपॉइंट आणि फिनिशचा प्रकार एकदाच ठरवून टाका. मात्र ते नव्याने टाकलेल्या पॉइंटना लागू होतं, आधीच बनवलेला टास्क आहे तसाच राहतो. टास्कचा प्रकारच एफएआय ठेवलात तर पर्यायही मोजकेच मिळतात, तेव्हा सरावासाठी 'रेसिंग' बरा.

कुठला प्रकार घ्यावा? स्पर्धा असेल तर टास्क शीटवर छापलेला, तिथं आपली आवड चालत नाही. नुसता सराव असेल तर मी ५०० मीटरचा सिलिंडर सुचवेन. फक्त त्याची कड चाटून जाऊ नका. लॉगर (उड्डाणातली आपली जागा फाइलमध्ये नोंदवणारी सोय) दर ५ सेकंदांनी नोंद करत असेल आणि वेग ताशी १२० किलोमीटर असेल, तर दोन नोंदींत जवळपास १६५ मीटर अंतर पडतं. तुम्ही आत जाऊन आलेले असता, पण फाइलमध्ये आतला एकही ठिपका नसतो. लॉगरची वेळ १ सेकंद करा, निम्मी कटकट तिथंच मिटते.

प्रकार बरोबर असूनही पॉइंट पुढे सरकत नसेल तर ऑटो ॲडव्हान्स, म्हणजे पुढच्या पॉइंटवर जाण्याची सेटिंग, बघा. 'मॅन्युअल'वर असेल तर बटण तुम्हालाच दाबायचंय. 'आर्म'वर असेल तर प्रत्येक पॉइंटआधी आर्म करावं लागतं, म्हणजे 'आता पुढे सरकायला हरकत नाही' अशी परवानगी ॲपला द्यावी लागते; 'आर्म स्टार्ट'वर फक्त सुरुवातीला. साध्या रेसिंग टास्कला 'आर्म स्टार्ट' उत्तम, कारण सुरुवातीच्या रेषेपाशी आपण दहा वेळा आतबाहेर करतो आणि नेमकी कुठली सुरुवात धरायची ते आपल्याला ठरवायचं असतं. एएटीमध्ये (ठरलेल्या ठिकाणांऐवजी मोठे भाग दिलेला टास्क, त्यात कुठं वळायचं ते आपण ठरवतो) मी 'आर्म'च वापरतो. मोठ्या वर्तुळात किती आत जाऊन वळायचं, हे ॲपवर काय सोडायचं राव!

आणि हा त्रिकोण सिम्युलेटरमध्येच ठेवा. उजळाईवाडीचा विमानतळ शेजारीच आहे, खऱ्या उड्डाणात आधी हवाई हद्दीचा प्रश्न येईल.