सॉफ्टवेअर जड झाले म्हणून संगणक बदलावाच लागतो का?

सॉफ्टवेअर दिवसेंदिवस महाग आणि अवजड होत चालल्यामुळे दर काही वर्षांनी नवा संगणक घेणे भागच पडते का, असे आपण विचारले आहे. अवजडपणामुळे संगणक मंदावतो हे खरे; परंतु चालता संगणक मोडीत काढायला लावणारे कारण माझ्या मते बहुधा निराळे असते, आणि ते म्हणजे जुन्या प्रणालीला, म्हणजे विंडोजसारख्या ऑपरेटिंग सिस्टिमला, मिळणारी सुरक्षा अपडेट बंद होणे.

अवजडपणाची तक्रार तशी जुनीच आहे. हार्डवेअर जितक्या झपाट्याने वेगवान होते, त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावते, अशा आशयाचे विधान पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवले होते. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ साठी किमान ४ एमबी रॅमची, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीची, अट होती. २०२१ च्या विंडोज ११ साठी ती ४ जीबी आहे, म्हणजे सुमारे हजारपट. ही सगळी वाढ वाया गेली असे मात्र मी म्हणणार नाही. विंडोज ९५ मध्ये युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या प्रमाण संकेतानुसार देवनागरी लिहिण्याची सोय नव्हती, आणि आजचे ब्राउझर निरनिराळी संकेतस्थळे वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून अधिक मेमरी खातात ते मुख्यतः सुरक्षेसाठी.

खटकते ती निर्मात्यांच्या सोयीसाठी झालेली वाढ. इलेक्ट्रॉनसारखी साधने वापरून एकच प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालवता येतो. पण असे प्रत्येक अॅप आपल्याबरोबर क्रोमियम हा अख्खा ब्राउझर घेऊन येते, त्यामुळे केवळ निरोपांची देवाणघेवाण करणारे अॅपही शेकडो एमबी रॅम अडवून बसते. तीन स्वतंत्र आवृत्त्या लिहिण्याचा कंपनीचा खर्च वाचतो आणि तो ग्राहकाच्या रॅमवर पडतो. सॉफ्टवेअरच्या किमतीचा विचार करताना हा छुपा हिस्सा सहसा कोणी धरत नाही.

उघड किमतीचाही संबंध आहेच. पूर्वी एकदा विकत घेतलेले सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर वर्षानुवर्षे चालवता येत असे. अडोबीने २०१३ मध्ये आपल्या क्रिएटिव्ह संचाच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्यास सुरुवात केली आणि पुढे इतरांनीही तीच वाट धरली. वर्गणी भरणाऱ्याला नवी आवृत्ती मिळते खरी, पण ती नवी ऑपरेटिंग सिस्टिम मागते आणि ती सिस्टिम कधी कधी नवे हार्डवेअर मागते.

या साखळीचे ठळक उदाहरण म्हणजे विंडोज १०. तिचे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे पुरेशी रॅम आणि चांगला वेग असलेले असंख्य संगणक अधिकृत यादीबाहेर राहिले. या अटींमागे सुरक्षेचे कारण दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे. तरीही येथे संगणक बाद ठरतो तो मंद झाला म्हणून नव्हे.

म्हणून नवा संगणक घेण्याआधी विंडोजमधील टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्रॅम किती रॅम आणि प्रोसेसर वापरतो हे दाखवणारी खिडकी) उघडून नेमके काय भरले आहे ते पाहावे, असे मी सुचवेन. रॅम सतत काठोकाठ भरत असेल तर ती वाढवावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. या एका बदलाने जुना संगणक जितका सुधारतो, तितका दुसऱ्या कोणत्याही स्वस्त उपायाने सहसा सुधारत नाही. प्रणालीचे समर्थनच संपले असेल आणि आपले बहुतेक काम ब्राउझरमध्ये होत असेल, तर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती पुरेशी ठरते. व्हिडिओ संपादन, नवे गेम किंवा स्वतःच्याच संगणकावर एआय मॉडेल चालवणे अशा कामांना मात्र खरोखरच नवे हार्डवेअर लागते. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे असा लॅपटॉप घेताना आजच्या गरजेपेक्षा थोडी जास्त रॅम घ्यावी आणि त्यावरील प्रणालीला अपडेट किती वर्षे मिळणार आहेत, हेही आधीच पाहून घ्यावे.